हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी वनस्पतीजन्य प्रथिनांचा वापर: अर्क, चाचणी आणि फवारणी

हरभऱ्याचे घाटे भरू लागले की शेतात अनेकदा एकच दृश्य दिसते. घाट्याला एक गोल भोक पडलेले असते, त्यात डोके खुपसून अळी आतला कोवळा दाणा खात असते आणि तिचे अर्धे शरीर बाहेर लोंबत असते. अळी या अवस्थेत दिसली म्हणजे प्रथिनांचा उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. पुढे दिलेली पद्धत त्याआधीच्या आठ-दहा दिवसांसाठी आहे. त्या काळात मादी पतंगाने कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर आणि फुलांवर एकेक अंडे सुटे घातलेले असते, तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि ती जेमतेम काही मिलिमीटर लांबीची असताना पानांचा हिरवा भाग खरवडून खात असते.

वनस्पतीजन्य कीडनाशक म्हटले की आपल्याला प्रथम निंबोळी अर्क आठवतो. परंतु निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे प्रथिन नाही. लसूण-मिरचीच्या अर्काचा तिखटपणा किंवा तंबाखूतील निकोटिन हीदेखील प्रथिने नव्हेत. येथे ज्या प्रथिनांचा विचार केला आहे ती वनस्पती आपल्या बियांत, कंदांत आणि जखम झालेल्या पानांत साठवते, आणि त्यांच्यापैकी सर्वांत अभ्यासलेला गट म्हणजे पाचक विकरांना (अन्न पचवणाऱ्या एन्झाइमना) रोखणारी प्रथिने, ज्यांना प्रयोगशाळेच्या भाषेत प्रोटीएज इन्हिबिटर म्हणतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७२ साली ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोलोरॅडो भुंगेऱ्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान कुरतडले की त्या झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही अशा प्रथिनांचे प्रमाण वाढू लागते. झाड स्वतःचे रक्षण करते या कल्पनेला तेव्हापासून प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला.

अळीच्या पोटात काय घडते

घाटेअळीच्या आतड्यातील रस बराच अल्कधर्मी असतो आणि त्यात ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन या जातीची विकरे मुख्यत्वे काम करतात. पानातील आणि दाण्यातील प्रथिने तोडून त्यांची अमिनो आम्ले करणे हे या विकरांचे काम आहे. रोधक प्रथिन अळीच्या पोटात गेले की ते विकराच्या नेमक्या कापणाऱ्या जागी घट्ट बसते आणि विकर निकामी होते. अळी खात राहते, परंतु खाल्लेले अंगी लागत नाही. कमतरता भरून काढण्यासाठी तिचे शरीर आणखी विकरे तयार करते आणि त्यासाठी लागणारी, विशेषतः गंधकयुक्त, अमिनो आम्ले ती स्वतःच्या वाढीतून काढते. परिणामी अळी लहान राहते, कात टाकायला उशीर करते, तिचा कोष वजनाला हलका भरतो आणि त्यातून निघालेली मादी अंडीही कमी घालते.

या वर्णनात अळी मेल्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि माझ्या मते या उपायाबाबत समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. रासायनिक फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी जमिनीवर मेलेल्या अळ्या शोधण्याची आपल्याला सवय असते, आणि त्याच नजरेने प्रथिनांच्या अर्काकडे पाहिले तर तो निरुपयोगी वाटून टाकून दिला जाईल. अळीची वाढ लांबवणे याचा अर्थ ती लहान आणि उघड्यावर जास्त दिवस राहणे असा होतो. हरभऱ्यात कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची एक बारीक गांधीलमाशीसारखी परोपजीवी माशी असते. ती पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील घाटेअळीच्या शरीरात अंडे घालते आणि अळी मोठी झाली की तिच्या हातून सुटते. अळी लहान राहण्याचे दिवस वाढले की या माशीला आणि पक्ष्यांना मिळणारी संधी वाढते. म्हणून प्रथिनांचा उपाय त्या शेतातच करावा जेथे मित्रकीटक शिल्लक आहेत. आधी जहाल कीटकनाशक मारून नंतर वर अर्क फवारण्यात काही अर्थ नाही.

कोणत्या झाडाचे बी निवडावे

यासाठी एक नियम लक्षात ठेवावा: ज्या झाडावर ही अळी सहसा जगत नाही, त्या झाडाचे प्रथिन घ्यावे. हरभऱ्याच्या दाण्यातही ट्रिप्सिनरोधक प्रथिने असतातच, तरीही घाटेअळी हरभरा आनंदाने खाते, कारण अनेक पिढ्यांच्या सहवासात तिने त्या रोधकांना न जुमानणारी विकरे तयार केलेली आहेत. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांवर पोसणाऱ्या किडीला त्याच पिकांची प्रथिने देऊन फारसा उपयोग होत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये कुनिट्झ आणि बोमन-बर्क या दोन्ही प्रकारचे रोधक भरपूर असले तरी घाटेअळीसाठी ती पहिली निवड ठरू नये.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर १९९० च्या दशकापासून दीर्घकाळ काम झाले आहे. तेथील अभ्यासांतून हाच मुद्दा पुढे आला की यजमान नसलेल्या वनस्पतींचे रोधक अधिक परिणामकारक ठरतात, आणि एकच रोधक सतत दिला तर अळी आपली विकरे बदलून त्यातून वाट काढते, म्हणून वेगवेगळे रोधक आलटून-पालटून द्यावे लागतात. चौधारी घेवड्याच्या आणि कारल्याच्या बियांतील रोधकांनी घाटेअळीची वाढ खुंटते, हेही तेथे दाखवले गेले आहे. चौधारीचे बी सर्वत्र मिळत नाही. कारले मात्र बहुतेक परसबागांत आणि प्रत्येक आठवडी बाजारात असते, म्हणून पुढील कृती मी कारल्याच्या बियांवर बेतली आहे. कारल्यातील हे रोधक अत्यंत लहान, सुमारे ३० अमिनो आम्लांचे असून तीन गंधकबंधांनी घट्ट बांधलेले असल्यामुळे ते तुलनेने टिकाऊही असतात.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. एरंडाच्या बियांतील रायसिन आणि गुंजेतील अब्रिन हीसुद्धा नैसर्गिक वनस्पतीजन्य प्रथिनेच आहेत, आणि ती किडींइतकीच माणसांना आणि जनावरांना जीवघेणी आहेत. मोगली एरंडाचे बीही विषारी आहे. या तिन्हींच्या बिया दळणे, भिजवणे किंवा त्यांचा अर्क काढणे घरी किंवा शेतात कोणत्याही कारणाने करू नये. दळताना उडालेली पूडही धोकादायक असते. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही.

अर्क तयार करणे

कारली वेलीवर पूर्ण पिकू द्यावीत. फळ नारिंगी होऊन तळातून उकलले की आतील बियांवर लाल, चिकट गर दिसतो. तो गर पाण्यात चोळून काढावा आणि बिया सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर वाळवाव्यात. कडक उन्हात पत्र्यावर टाकून किंवा भाजून वाळवू नयेत, कारण बियांतील सर्वच प्रथिने उष्णतेला सारखी टिकत नाहीत. कोवळ्या भाजीच्या कारल्यातील पांढरट बिया या कामाच्या नाहीत, कारण त्यांच्यात साठवणीची प्रथिने अजून पुरेशी भरलेली नसतात. बाजारातून पेरणीचे बी घेतल्यास त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते, त्यामुळे असे बी वापरू नये. चाचणीचा निकाल त्या रसायनाचा आहे की प्रथिनाचा, हे नंतर कळणार नाही.

वाळलेल्या बियांचे कठीण टरफल खलबत्त्यात हलक्या हाताने फोडून आतील मगज वेगळा करावा. मगजात तेल बरेच असते. प्रयोगशाळेत ते द्रावकांनी काढून टाकतात, घरी मात्र असे ज्वालाग्राही द्रावक हाताळू नयेत. मगज थंड जागेत ठेवून मग मिक्सरमध्ये थांबून-थांबून, पाच-पाच सेकंदांच्या टप्प्यांनी भरड दळावा. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि तेल सुटून लगदा होतो. दळताना नाकातोंडावर स्वच्छ रुमाल आणि हातात रबरी मोजे असावेत, आणि त्या मिक्सरचे भांडे स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नये.

१०० ग्रॅम भरड १ लिटर थंड पाण्यात भिजवावी. मातीच्या मडक्याच्या बाजूला, सावलीत किंवा शीतकपाटात रात्रभर ठेवावी आणि अधूनमधून लाकडी काडीने ढवळावी. हे रोधक पाण्यात विरघळणारे असल्यामुळे उकळण्याची किंवा अल्कोहोल घालण्याची गरज पडत नाही. सकाळी दुहेरी मलमलीतून गाळल्यावर दुधाळ, किंचित हिरवट छटेचे आणि कडवट वासाचे पाणी मिळते. ते उंच, अरुंद भांड्यात तासभर स्थिर ठेवले की वर तेलकट साय येते आणि तळाशी पिठूळ गाळ बसतो. साय चमच्याने काढून टाकावी आणि गाळ न ढवळता मधले पाणी नळीने काढून घ्यावे. पंपाच्या नोझलमध्ये नंतर अडकते ते हाच गाळ आणि ही साय, म्हणून येथे घाई करू नये.

हा अर्क त्याच दिवशी वापरायचा आहे. उन्हाळी दिवसांत अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवल्याचा अनुभव मला एकदाच पुरला: संध्याकाळपर्यंत त्यावर फेस आला, आंबूस वास सुटला आणि चाचणीत त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. प्रथिन म्हणजे जिवाणूंसाठी उत्तम खाद्य, आणि पाण्यात आल्यावर ते फार काळ टिकत नाही. साठवायचे असेल तर वाळलेल्या अख्ख्या बिया साठवाव्यात, अर्क नव्हे.

अर्कात रोधक आहे की नाही ते पाहणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यामुळेच त्यांना पुढे निकालाचा अर्थ लावता येत नाही. ती साधी आहे आणि एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसात होते. तिला लागते जुन्या पद्धतीची, डिजिटल नसलेली एक्स-रे फिल्म. या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिन असल्यामुळे ट्रिप्सिन ते पचवते. एक्स-रे फिल्म वापरून रोधक प्रथिने ओळखण्याची पद्धत औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केली होती आणि पुढे अनेक प्रयोगशाळांनी ती उचलली.

खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात थोडे ट्रिप्सिन विरघळवावे, म्हणजे त्याला लागणारी सौम्य अल्कधर्मी स्थिती मिळते. एका छोट्या नळीत हे ट्रिप्सिन आणि तेवढाच अर्क एकत्र करून पंधरा मिनिटे थांबावे, आणि दुसऱ्या नळीत ट्रिप्सिन आणि तेवढेच साधे पाणी घ्यावे. तिसऱ्या नळीत ट्रिप्सिनशिवाय नुसता अर्क घ्यावा. तिन्हींचा एकेक थेंब फिल्मच्या तुकड्यावर अंतर ठेवून टाकावा, पंधरा-वीस मिनिटांनी फिल्म साध्या नळाच्या पाण्याखाली धरावी आणि बोटाने अगदी हलके पुसावी. पाणी गरम असू नये, अन्यथा जिलेटिन आपोआपच विरघळते. ट्रिप्सिन आणि पाण्याच्या थेंबाखाली काळा थर निघून जाऊन काचेसारखी पारदर्शक टिकली दिसते. अर्क मिसळलेल्या ट्रिप्सिनच्या थेंबाखाली थर जसाच्या तसा काळा राहिला, तर त्या अर्कात ट्रिप्सिनला रोखणारे काहीतरी निश्चित आहे. त्यानंतर अर्क दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून तीच चाचणी पुन्हा करावी. कितव्या पातळीवर टिकली पारदर्शक होऊ लागते, ते पाहिल्यास दोन वर्षांच्या किंवा दोन गावांच्या बियांची तुलना करता येते.

अळ्यांवर चाचणी

फवारणीआधी डब्यांतील चाचणी करावीच. शेतातून दुसऱ्या अवस्थेतील, साधारण सारख्या आकाराच्या अळ्या मऊ कुंचल्याने उचलून आणाव्यात. प्रत्येक अळीला स्वतंत्र, झाकणाला बारीक भोके पाडलेली डबी द्यावी, कारण घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात आणि दोन दिवसांत दहाच्या चार होतात. तीन गट करावेत आणि प्रत्येक गटात किमान २० अळ्या ठेवाव्यात. पहिल्या गटाला पाण्यात बुडवून सुकवलेली पाने, दुसऱ्याला चिकटद्रव्य घातलेल्या पाण्यात बुडवलेली आणि तिसऱ्याला अर्क अधिक चिकटद्रव्यात बुडवलेली पाने द्यावीत. चिकटद्रव्य म्हणून रिठ्याचे थोडेसे पाणी पुरते.

पहिला गट अनावश्यक वाटेल, परंतु हरभऱ्याच्या बाबतीत तो अत्यावश्यक आहे. हरभऱ्याच्या पानांवरील केसांतून आंब पाझरते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पहाटे हरभऱ्यावर ओले फडके फिरवून ती गोळा करण्याची पद्धत गावोगावी परिचित आहे. ही आंब अळीच्या वाढीला स्वतःच काही प्रमाणात अडथळा आणते. पान कशातही बुडवले की ती धुऊन जाते. म्हणून न बुडवलेल्या पानाशी तुलना केली तर अर्काचा परिणाम प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसेल किंवा दिसणारच नाही.

पाने रोज बदलावीत आणि डबीच्या तळाशी ओला टिपकागद ठेवावा. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा मिळाल्यास दर दोन दिवसांनी प्रत्येक अळीचे वजन घ्यावे. मेलेल्या अळ्यांची संख्या लिहावी, परंतु निर्णय तिच्यावर घेऊ नये. सहाव्या दिवशीचे वजन, कोषात जायला लागलेले दिवस आणि कोषाचे वजन हे तीन आकडे खरे निकाल आहेत. तिसऱ्या गटाच्या अळ्या जर दुसऱ्या गटाइतक्याच फुगलेल्या, चकचकीत आणि तितक्याच वेळात कोषात गेलेल्या असतील, तर तो अर्क शेतात नेण्याचे कारण उरत नाही.

फवारणी कोठे आणि किती

आता सरळ हिशेब करू. हरभऱ्याला हेक्टरी साधारण ५०० लिटर पाणी फवारणीला लागते. १ लिटरला १०० ग्रॅम मगजाच्या प्रमाणाने हेक्टरसाठी ५० किलो मगज लागेल, आणि टरफलाचे वजन धरता बिया त्याहून बऱ्याच जास्त. कोणाही शेतकऱ्याला हे परवडणार नाही, आणि ते परवडते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परंतु १ गुंठ्याला याच हिशेबाने ५ लिटर अर्क म्हणजे अर्धा किलो मगज लागतो. घरच्या बियाण्यासाठी राखलेला हरभऱ्याचा पट्टा, परसातील वाल किंवा घेवडा, शाळेची शेती, एखाद्या बचतगटाचा सेंद्रिय भाजीचा वाफा, ही या अर्काची खरी जागा आहे. मोठ्या क्षेत्रावर निंबोळी अर्क, एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग करणारा विषाणू असलेले कीडनाशक), पक्षीथांबे आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) यांचाच आधार घ्यावा.

वेळ कशी ठरवायची, तर हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून त्यांत पतंग वाढू लागले की शेंडे आणि कळ्या रोज न्याहाळाव्यात. पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढी, उभ्या रेघांची अंडी दिसू लागल्यावर चौथ्या दिवसाच्या आत पहिली फवारणी व्हावी. हरभऱ्यात एक मीटर ओळीत १ ते २ अळ्या ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. परंतु प्रथिनाच्या अर्कासाठी त्या पातळीची वाट पाहू नये, कारण तोपर्यंत अळ्या मोठ्या होऊन घाट्यांत शिरू लागलेल्या असतात. मोठ्या अळ्या दिसत असतील तर त्या हाताने वेचाव्यात.

फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर करावी. कोवळ्या अळ्या रात्रभर खातात, आणि दुपारच्या कडक उन्हात पानांवरील प्रथिनाचा पातळ थर लवकर निकामी होतो. थेंब बारीक ठेवावेत आणि शेंड्यांवर भर द्यावा. रोधक पोटात गेला तरच काम करतो. अंगावर पडून तो काही करत नाही, त्यामुळे पान भिजणे महत्त्वाचे, अळी भिजणे नव्हे. पाऊस झाल्यास फवारणी पुन्हा करावी लागते, कारण प्रथिन पाण्यात विरघळून वाहून जाते. नवे शेंडे फुटत असताना तीन-चार दिवसांनी दुसरी फवारणी गरजेची ठरते, कारण नव्या पानावर अर्क नसतो आणि लहान अळीला तेच पान आवडते.

हा अर्क बीटी जिवाणूयुक्त कीडनाशकात मिसळू नये. बीटीचे विषप्रथिन अळीच्या पोटात सक्रिय होण्यासाठी ज्या विकरांची गरज असते, नेमकी तीच विकरे आपला अर्क अडवतो. एचएएनपीव्हीही वेगळ्या दिवशी, वेगळ्या पंपाने फवारावा. फवारलेला भाग खाण्यासाठी तोडण्याआधी काही दिवस जाऊ द्यावेत आणि तोडल्यावर भरपूर पाण्याने धुवावा. हरभऱ्याची कोवळी भाजी खुडायची असेल तर तो पट्टा फवारणीतून वगळावा. असा अर्क स्वतःच्या शेतावर करून पाहणे वेगळे आणि बाटलीत भरून विकणे वेगळे. कीडनाशक म्हणून काहीही विकण्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते.

ज्या किडींवर हा उपाय चालत नाही

तुरीवरील पिसारी पतंगाची अळी शेंगेच्या बाहेर राहून खाते, त्यामुळे तिच्यावर चाचणी करून पाहायला हरकत नाही. तुरीच्या शेंगमाशीवर मात्र वेळ घालवू नये, कारण तिची मादी शेंगेच्या आत अंडे घालते आणि अळी दाण्यातच वाढते. पानावरचा अर्क तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मावा ही कीड रस शोषणारी आहे आणि तिच्यासाठी वेगळी, लेक्टिन जातीची (शर्करेच्या रेणूंना चिकटणारी) प्रथिने लागतात. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये लसणाच्या पानांतील लेक्टिनचे जनुक हरभऱ्यात घालून माव्याविरुद्ध प्रयोग झाले आहेत, परंतु रस शोषणाऱ्या किडीपर्यंत प्रथिन झाडाच्या आतूनच पोहोचवावे लागते. फवाऱ्याने ते साधत नाही.

साठवणुकीतील भुंगेऱ्याचेही तसेच आहे. मूग, तूर, हरभरा यांच्या दाण्यांवर खसखशीसारखी पांढरी अंडी चिकटलेली दिसतात, अळी दाण्यात शिरते आणि गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. भुंगेऱ्यांच्या अळीचे आतडे घाटेअळीसारखे अल्कधर्मी नसते आणि तिची मुख्य पाचक विकरेही वेगळ्या जातीची असतात, म्हणून ट्रिप्सिनरोधकाची मात्रा येथे लागू पडत नाही. तरीही प्रथिनाच्या बळावर किडीला हरवणारे एक कडधान्य आपल्या स्वयंपाकघरातच आहे. एकाच फळीवर मुगाचा आणि राजम्याचा डबा ठेवून पाहिले तर मुगाला पोखरणारा हा भुंगेरा राजम्यात वाढत नाही, कारण राजम्याच्या दाण्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज विकराला रोखणारे प्रथिन असते आणि अळी दाण्यातच उपाशी राहते. हेच प्रथिन ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने जनुक घालून वाटाण्यात आणले आणि त्यामुळे वाटाण्यावरील भुंगेऱ्याचा बंदोबस्तही झाला, परंतु उंदरांवरील चाचणीत रोगप्रतिकारशक्तीची अनपेक्षित प्रतिक्रिया दिसल्यामुळे ते काम २००५ मध्ये थांबवण्यात आले. एका झाडात निर्धोक असलेले प्रथिन दुसऱ्या झाडात थोडे वेगळे घडू शकते, हे त्या वेळी कळले. राजम्याचे पीठ मुगाला चोळून मात्र काही साधणार नाही. घरच्या डाळी-कडधान्यांसाठी चांगले वाळवणे आणि किलोला ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळणे, हीच जुनी पद्धत आजही योग्य आहे.

कुंपणावरचा गोकर्ण

गोकर्णाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण पुढील काही वर्षांत त्याचे नाव या संदर्भात वारंवार ऐकू येईल. गोकर्ण हे स्वतः कडधान्याच्या कुळातील वेल आहे आणि त्यात सायक्लोटाइड नावाची, दोन्ही टोके जुळून कंकणासारखी गोल झालेली छोटी प्रथिने असतात. या गटातील पहिले प्रथिन काँगोमधील एका वनस्पतीत सापडले. तेथील स्त्रिया प्रसूती सुलभ व्हावी म्हणून तिचा काढा उकळून घेत असत, आणि उकळल्यावरही औषधी गुण टिकतो यावरूनच संशोधकांचे लक्ष त्या प्रथिनाकडे वेधले गेले. पुढे त्याच जातीच्या प्रथिनाने घाटेअळीच्या ऑस्ट्रेलियातील भाऊबंद अळीची वाढ रोखल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्कावर आधारलेले कीडनाशक कापूस आणि मॅकाडेमिया या पिकांसाठी नोंदणीकृत झालेले आहे. सायक्लोटाइड पेशींचे पडदे भेदतात आणि काही तर तांबड्या रक्तपेशींनाही इजा करतात, म्हणून गोकर्णाच्या बियांचा वा मुळांचा अर्क घरी काढून भाजीवर फवारण्याचा सल्ला मी देणार नाही. निळ्या फुलांचा चहा पिणे आणि वेलीचा कीडनाशक अर्क काढणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदी

कारल्याचा अर्क फवारलेल्या १ गुंठ्याशेजारी पाणी फवारलेला १ गुंठा राखावा, आणि दोन्हींच्या मध्ये किमान चार ओळी मोकळ्या सोडाव्यात, कारण अळ्या ओळी ओलांडतात. आठवड्यातून एकदा दोन्ही पट्ट्यांत पाच-पाच ठिकाणी एक मीटर ओळीतील अळ्या मोजाव्यात आणि त्या मोठ्या, मध्यम की लहान हेही लिहावे. या उपायात संख्येपेक्षा आकार अधिक सांगतो. पक्षीथांब्यावर सकाळी किती पक्षी बसले आणि पानांच्या मागे कॅम्पोलेटिसचे करडे-पांढरे, काळ्या ठिपक्यांचे कोष किती दिसले, याचीही नोंद ठेवावी. काढणीच्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातून पाच ठिकाणची दहा-दहा झाडे उपटून घाटे मोजावेत, भोक पडलेले आणि भरीव वेगळे करावेत, आणि त्या दोन ढिगांचे दाणे काढून त्याच मिलिग्रॅमच्या काट्यावर स्वतंत्र तोलावेत.